पहिली इंजिनवाली सायकल: टू-स्ट्रोक किट की फोर-स्ट्रोक? दोन्ही बसवून झाल्यावर सांगतोय

सायकलला इंजिन बसवायचं डोक्यात आलं की सुरुवातीला सगळे एकच करतात, कुठलं किट किती पळतं ते बघत बसतात. मीही तेच केलं. आधी टू-स्ट्रोक बसवलं, दीडेक वर्षाने दुसऱ्या सायकलवर फोर-स्ट्रोक, आणि आता कोणी सल्ला विचारला की मी स्पीडचं काढतच नाही, आधी विचारतो, तू पायडल मारणार आहेस का? समोरचा हसतो. मग इंजिन कशाला लावतोय म्हणतो.

रोलरवाला प्रकार, म्हणजे इंजिनचा रोलर थेट टायरवर दाबून चाक फिरवायचं, तो मी इथे धरलेला नाही. व्हेलोसोलेक्स या फ्रेंच इंजिनवाल्या सायकलने १९४६ पासून पुढच्या चाकावर रोलर ठेवून तो वर्षानुवर्षं चालवून दाखवला हे मान्य, पण टायर ओला झाला की रोलर घसरतो आणि कोरड्यात टायर खातो, पहिल्याच सायकलीला ही डोकेदुखी कशाला. आपण फ्रेमच्या त्रिकोणात बसणाऱ्या दोन किटबद्दल बोलू.

टू-स्ट्रोकवाल्याची बदनामी तुम्ही ऐकली असेलच आणि त्यातली बरीचशी खरी आहे. ८० सीसी म्हणून विकतात ते मुळात ८० नसतंच, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४७ मिमी, स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) ३८ मिमी, गणित करून बघा, ६६ च्या पुढे जात नाही. लहानवालं ४० मिमी बोअरचं, ते ४८ सीसीला बसतं, आणि बऱ्याच देशांत नियमांची रेष ५० सीसीला असते म्हणून तुमच्याकडचा नियम आधी बघा, मग किट मागवा. धूर, आवाज, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट, सगळं आहे. सुरुवातीच्या टाक्यांना मी २०:१ ठेवलं, म्हणजे लिटरला ५० मिली, नंतर ३२:१, म्हणजे ३१ मिलीच्या आसपास, पण तुमच्या किटच्या कागदावर काय लिहिलंय ते माझ्यापेक्षा मोठं समजा.

आणि व्हायब्रेशन. ते इतकं की पहिल्या महिन्यात सायलेन्सरचा एक नट रस्त्यावरच कुठेतरी राहिला, मला घरी आल्यावर आवाजावरून कळलं. तेव्हापासून दहाचा पाना खिशात आणि प्रत्येक नटाला थ्रेडलॉक, म्हणजे नट सैल होऊ न देणारा गोंद. हे एकदा अंगवळणी पडलं की त्रास वाटत नाही, म्हणजे मला तरी वाटत नाही, माझ्या भावाला वाटतो.

फोर-स्ट्रोक ४९ सीसी हातात आलं तेव्हा मात्र वाटलं की आपण उगाच दीड वर्ष धूर खाल्ला. ऑइल वेगळं, पाव लिटरच्या आसपास, वेळेवर बदललं की झालं. आवाज शांत. सेंट्रिफ्यूगल क्लच, म्हणजे इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा, त्यामुळे सिग्नलला थांबलं की इंजिन आपलं आपलं संथ चालू राहतं, टू-स्ट्रोकसारखं डाव्या हाताने क्लच धरून बसायला नको. दोरी ओढली की चालू. पहिले दोन आठवडे मी जो भेटेल त्याला हेच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो, त्यातल्या दोघांनी घेतलं पण.

मग गुडघे.

झालं असं की फोर-स्ट्रोकचं इंजिन आडवं रुंद असतं, त्यात बाजूला गिअरबॉक्स, त्यामुळे नेहमीचा क्रँक, म्हणजे पायडल लावलेला दांडा, फिरतच नाही, इंजिनला आपटतो. म्हणून लांब बीबी एक्सल (क्रँक ज्यावर फिरतो तो आस) आणि रुंद क्रँक घालावा लागतो. मी किटबरोबर आलेलाच घातला. स्टँडवर फिरवून बघितलं, कुठे लागत नाही, वा. रस्त्यावर बसल्यावर लक्षात आलं की दोन्ही पायांमधलं अंतर चार बोटं तरी वाढलंय, पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं. दहा मिनिटं काही वाटत नाही, पण अर्ध्या तासाने उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू बोलायला लागली. शिवाय वळणावर सायकल झुकवली की पायडल बाहेर असल्यामुळे लवकर जमिनीला घासतं, एकदा असं घासलं की मागचं चाक उचललं गेलं, पडलो नाही एवढंच.

मी मोजमाप वगैरे काही केलं नाही, माझे गुडघे हेच माझं मीटर. पण त्याचा परिणाम बघा काय झाला. पायडल मारायचा कंटाळा यायला लागला, मग मी मारायचंच सोडलं. पायडल सोडलं म्हणजे जागेवरून उठताना सगळं वजन एकट्या क्लचवर. एकच गिअर असलेल्या ४९ सीसीला चढावर मागून थोडी तरी पायाची मदत लागते, ती मिळाली नाही की क्लच घसरत राहतो आणि तापतो, दुसऱ्या महिन्यात चढावर जळका वास यायला लागला. उघडून बघितलं तर क्लचचे शूज, म्हणजे आतले घासून पकडणारे तुकडे, चकचकीत झालेले. म्हणजे दोष इंजिनचा नव्हता, क्लचचाही नव्हता, सगळं त्या चार बोटांवरून सुरू झालं होतं. एकदा तर दोरीची स्प्रिंग तुटली आणि दोरी आत गेलीच नाही, आता पायडल मारून चालू करावं म्हटलं तर सेंट्रिफ्यूगल क्लचमध्ये चाकावरून इंजिन फिरतच नाही, जड सायकल त्या रुंद पायडलांवर घरापर्यंत मारत आणली आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना.

टू-स्ट्रोकला हे उलटं आहे. ते चालूच पायडलने होतं, चार फेऱ्या मारायच्या, क्लच सोडायचा, फट्फट् करून पकडतं. इंजिन अरुंद, माझ्या फ्रेमला जुनाच क्रँक चालला, फक्त सायलेन्सरचा पाइप डाव्या पायडलला किंचित लागत होता तो गरम करून वाकवला. बंद पडलं तर क्लचचा लीव्हर दाबून खटका लावा आणि साधी सायकल म्हणून घरी या, चेन ओढते थोडी, पण येता येतं.

मागच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे इंजिनची चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राचं, दुखणं दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे त्यावरून निवड करू नका. किटमध्ये येतं ते रबराचं सँडविच, म्हणजे चाकाच्या तारा रबराच्या चकत्यांमध्ये दाबून स्प्रॉकेट धरायचं, ९ बोल्ट तारांच्या मधून जातात, ३६ तारांचं चाक हवं, आणि स्प्रॉकेट जरा जरी तिरकं बसलं तर चेन उडते किंवा तारा तुटतात. जमलं तर हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) क्लॅम्प होणारा अडॅप्टर घ्या. आणि चेन टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारी छोटी चाकी! तो फ्रेमच्या नळीवर नुसता आवळलेला असेल तर फिरून तारांमध्ये जाऊ शकतो आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. चेन एक कडी कमी जास्त करून टेन्शनरशिवाय जमत असेल तर सगळ्यात उत्तम. मागे कोस्टर ब्रेक (उलटं पायडल मारून लागणारा) असेल तर हे सँडविच बसवताना रडाल, आणि पुढे एक धड ब्रेक असल्याशिवाय इंजिन लावूच नका.

दातांचं पण सांगतो कारण सगळे तिथे घाई करतात. टू-स्ट्रोकमध्ये आतली गिअरिंग ४.१, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट एकदा फिरायला इंजिन ४.१ वेळा फिरतं, पुढे १० दात, मागे ४४, २६ इंची चाकाला ५००० आरपीएमवर ताशी ३४ किमीच्या आसपास निघतं. मागे ३६ दात घातले तर तेच ४२ होतं, पण मग उठताना आणि चढावर बोंब. पहिली सायकल आहे, ४४ राहू द्या.

तर कुठलं घ्यावं? रोजचा रस्ता सपाट असेल, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होणार असेल, पायडल फक्त नावाला हवं असेल, तर फोर-स्ट्रोक खरंच चांगलं आहे आणि मी अडवणार नाही. कुणाचे पाय माझ्यापेक्षा लांब, कंबर रुंद, त्यांना कदाचित ती चार बोटं कळणारही नाहीत. पण घ्यायच्या आधी एक करा, इंजिनच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका फ्रेममध्ये बांधा, पायडलांवर बाहेरच्या बाजूला दोन दोन बोटं जाडीचे लाकडी ठोकळे चिकटवा, आणि पाय त्या ठोकळ्यांवर ठेवून अर्धा तास चालवून या. लोक हसतील, हसू दे.

माझी फोर-स्ट्रोक सध्या भाचा वापरतो. तो पायडल मारत नाही, सपाट रस्त्यावर राहतो, आणि मामाने वेड्यासारखी चांगली गाडी फुकट दिली असं सगळ्यांना सांगतो. मी दहाचा पाना खिशात घालून जुनीच चालवतो.