भारत गृह रक्षा पॉलिसी : सांगलीच्या घरासाठी अकरा महिन्यांनंतर

सांगलीत घराचा विमा म्हटलं की पहिला प्रश्न पुराचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी आहे ४५. भारत गृह रक्षा म्हणजे घराच्या बांधकामाचा आणि सामानाचा विमा. एक अख्खा पावसाळा ही पॉलिसी हाताशी ठेवून झालेलं मत असं: पॉलिसी घ्यावी, पण पाणी कुठून आलं यावर सगळं ठरतं, हे आधी समजून घ्यावं.

नदीचं पाणी घरात शिरलं तर भरपाई आहे. टाकी ओसंडली, पाइप फुटला तरी आहे. गच्चीतून झिरपून भिंतीला ओल आली, गिलावा सुटला, तर नाही. ती देखभाल धरतात. भूकंप आणि दरड मूळ पॉलिसीतच येतात, त्यामुळे पाटण-कोयना भागातल्यांना वेगळं काही जोडावं लागत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते रकमेत. विमा बांधकामाचा असतो, जागेचा नाही. कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढंच गणित. समजा ७५ चौरस मीटर आणि चौरस मीटरला दर २२,००० रुपये, तर साडेसोळा लाख. फ्लॅट पन्नास लाखांना विकला जात असला तरी इथे तो आकडा लावायचा नाही. घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार, आपोआप मिळतात. कमाल मर्यादा १० लाख. कर्जाबरोबर बँकेने विमा काढून दिला असेल तर त्यात सामान धरलंय का, रक्कम बांधकामाइतकी आहे की कर्जाइतकीच, हे आजच उघडून बघा.

दागिने या २० टक्क्यांत नाहीत, त्यांचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. गाडीही नाही. घरात ठेवलेली विक्रीची हळद किंवा बेदाणा हा धंद्याचा माल, तोही नाही. शॉर्टसर्किटने फ्रीज जळाला तर फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरली तर बाकीच्या नुकसानीचे मिळतात. साधी घरफोडीही मूळ पॉलिसीत नाही. पूर किंवा आगीसारख्या घटनेमुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी मात्र येते. सांगलीच्या गावभागात पुरामुळे घर बंद करून पाहुण्यांकडे जावं लागणाऱ्यांसाठी हे कलम फार मोलाचं आहे.

पाणी ओसरल्यावर गाळ धुण्याची घाई नको. आधी कंपनीला कळवा. भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक वस्तू आणि तिच्या मॉडेल नंबरचा फोटो घ्या. भिजलेलं सामान सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा माणूस) बघेपर्यंत टाकू नका. पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि क्लेम फॉर्म ३० दिवसांत द्या. बिलांचे फोटो आत्ताच मेलवर टाकून ठेवा, कारण कपाटातली फाईलही त्याच पाण्यात भिजते.