ब्रोमेलियाडच्या नावाखाली माझे ९,८०० रुपये गेले

फूल चिकटवलेलं होतं. दांड्यासकट आख्खं फूल, ग्लू गननं. आणि अशी चौदा रोपं मी सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आलेल्या नातेवाइकांना स्वतःच्या हातानं वाटली.

मी काही नवखी नाही. ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या गॅलरीत २०१९ पासून एकमिया फॅसिएटा नावाचं ब्रोमेलियाड होतं. ब्राझीलचं झाड, करड्या पानांवर चंदेरी पट्टे, मधल्या पेल्यात पाणी साठवणारं. २०२१ साली त्याला गुलाबी तुरा आला आणि काही महिने टिकला. सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. म्हणून पंचाहत्तरीला तेच द्यायचं ठरवलं.

व्हॉट्सॲपवरच्या एका झाडांच्या ग्रुपवर हा विक्रेता सापडला. फुललेलं रोप ६५० रुपये, चौदांचे ९,१००. ॲडव्हान्स ३,०००, बाकीचे ६,१०० गेटवर, टेम्पोचे ७०० वेगळे. व्हिडिओ कॉलवर दाखवलेली रोपं खरी होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. चौदाही एकदम कशी फुलली, हा प्रश्न मला पडला होता. पण अननसाच्या मळ्यात इथ्रेल नावाचं औषध देऊन सगळी झाडं एकदम फुलवतात आणि अननसही याच कुळातला, त्यामुळे मला ते पटलं.

पण मी चुकले कुठे ते सांगते. फूल किती दिवस राहील असं विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, काळजीच नको, याच झाडाला दरवर्षी येतं." तिथेच फोन ठेवायला हवा होता! हे रोप आयुष्यात एकदाच फुलतं. मग बुडाशी पिल्लं देतं आणि स्वतः हळूहळू मरतं. माझ्या डोळ्यांदेखत माझं मेलं होतं. मला हे माहीत होतं, तरी मी गप्प बसले. वाटलं, बिचारा नर्सरीवाला आहे, त्याला एवढं कुठलं माहीत असणार. त्या एका वाक्याचा विचार करून माझ्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.

टेम्पो आला तेव्हा अंधार पडला होता. रोपं प्लॅस्टिकच्या सुरळीत गुंडाळलेली. "उघडू नका मॅडम, पानांचे काटे तुटतील." पेले कोरडे होते, तर म्हणे प्रवासात पाणी सांडतं. ड्रायव्हरची घाई चालली होती, मी पैसे पाठवून मोकळी झाले. तुम्ही असं करू नका. सुरळी फाडा, दांडा चिमटीत धरून हलकेच ओढा. खरा दांडा रोपाच्या गाभ्यातून आलेला असतो, तो हलत नाही.

तिसऱ्या दिवशी चुलत नणंदेचा फोन आला. "वहिनी, अहो पाणी घातलं तर फूलच हातात आलं." मी धावत तिच्या घरी गेले. वाळका दांडा, त्यावर स्प्रेचा गुलाबी रंग, निळी फुलं कापडाची. पानांवरची पांढरी भुकटी बोटाला लागली. खऱ्या रोपाचीही लागते, पण ही पाण्यात पापुद्रे होऊन सुटली. चुना होता. खाली कोकोपीटमध्ये नुसतं खोचलेलं पिल्लू, एकही मूळ नाही.

विक्रेत्यानं मला ब्लॉक केलं होतं. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवलं आणि सांगितलं, माल मिळालाय ना, मग ग्राहक मंचात जा. सायबरच्या टेबलावर ऐकवलं, डिलिव्हरी झाली म्हणजे हा सायबर गुन्हा नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. एका साहेबांनी तर हसून विचारलं, "झाडांसाठी एवढं?" ९,८०० रुपये माझ्या कष्टाचे आहेत हो! भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मी कागदावर लिहून नेलं होतं, तो कागद कुणी हातात घेतला नाही. चार चकरा झाल्या, पोच एकाही अर्जाची नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे जाताच त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मी तीन दिवस उशीर केला. वस्तूची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि चॅट डिलीट करू नका, माझे अर्धे मेसेज त्यानंच पुसले.

त्याच्या फोटोंत मागे निळी ताडपत्री आणि कोपरा फुटलेली पांढरी फरशी दिसते. तेच फोटो आता दुसऱ्या नंबरवरून फिरताहेत, भाव ७०० रुपये.

चौदांपैकी नऊ पिल्लं कुजली, गोंद थेट गाभ्यात गेला होता. उरलेली पाच मी गाभा धुऊन नारळाच्या सोडणात बांधली आहेत. पेल्यातलं पाणी दर आठवड्याला बदलते, डेंग्यूचे डास होतात त्यात. दोघांना मुळं फुटली आहेत. त्यातलं पहिलं नणंदेकडे जाईल, आणि यावेळी मी ते तिच्यासमोर उपटून मुळं दाखवूनच देणार आहे.