सी-४ जनुकाच्या प्रती मोजायला क्यूएक्स-२०० कितपत कामाचं?

ल्युपस या, रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजाराच्या अभ्यासासाठी सी-४ जनुकाच्या प्रती मोजायच्या असतील, तर बायो-रॅडचं क्यूएक्स-२०० हे ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर (नमुना थेंबांत वाटून डीएनए मोजणारं) यंत्र बेलाशक घ्यावं. अट एकच: डीएनए यंत्रात जाण्याआधीची तयारी नीट हवी. आकडे बिघडतात ते बहुतेक तिथेच.

सी-४ हे रोगप्रतिकारात काम करणाऱ्या, रक्तातल्या एका प्रथिनाचं जनुक. ते सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए या रोगप्रतिकाराच्या जनुकांच्या पट्ट्यात असतं. कुणाकडे त्याच्या २ प्रती, कुणाकडे ६. युरोपीय वंशाच्या अमेरिकनांवरचा २००७ चा मोठा अभ्यास सांगतो की एकूण प्रती, त्यातही सी-४ए प्रकारच्या, कमी असतील तर ल्युपसचा धोका वाढतो आणि जास्त असतील तर घटतो. सी-४ए प्रथिन इम्यून कॉम्प्लेक्सना (अँटीबॉडी आणि तिने पकडलेला पदार्थ यांच्या जोड्यांना) चिकटून त्यांचा निचरा करायला मदत करतं, त्यामुळे हे पटतंही. पण ४ प्रती की ५, हा फरक साध्या रिअल-टाइम पीसीआरमध्ये (डीएनए फेरीफेरीने दुप्पट करत मोजण्याच्या पद्धतीत) जेमतेम ०.३२ सायकलचा, म्हणजे फेरीचा. पिपेट जरा इकडेतिकडे झाली की तो गेला. क्यूएक्स-२०० मध्ये २० मायक्रोलिटर मिश्रणाचे सुमारे २०,००० थेंब होतात, प्रत्येक थेंब ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो आणि पॉइसनच्या संभाव्यतेच्या सूत्राने प्रती निघतात. स्टँडर्ड कर्व्हची (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांवरून काढलेल्या तुलनेच्या आलेखाची) गरजच उरत नाही.

आता तयारी. सी-४ च्या प्रती एकाच गुणसूत्रावर सुमारे ३० हजार बेसच्या अंतराने ओळीने बसलेल्या असतात. डीएनए न कापता घातला तर शेजारच्या दोन प्रती एकाच थेंबात जातात आणि एकच मोजली जाते. मग ५ च्या जागी ४.३ असा अधांतरी आकडा येतो. म्हणून १ मायक्रोग्रॅम डीएनए २० मायक्रोलिटरमध्ये अलू-१ किंवा एमएसई-१ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमच्या १० युनिटने ३७ अंशांवर तासभर कापा आणि मग दहापट पातळ करा. एन्झाइम आपल्या अँप्लिकॉनच्या (पीसीआरमध्ये वाढवायच्या तुकड्याच्या) आत कापत नाही ना, हे सीक्वेन्सवर आधी तपासा.

एका वेलला (प्लेटवरच्या एका खळग्याला) २० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. त्यात तुलनेसाठीचं संदर्भ जनुक आरपीपी-३० याच्या सुमारे ६,००० प्रती येतात. सी-४ च्या ६ प्रती असल्या तरी त्याचे ६० टक्केच थेंब उजळतात. ‘जास्त घातला तर बरा’ म्हणून ६६ नॅनोग्रॅम घातला, की अशा नमुन्यात ९५ टक्के थेंब भरतात आणि मोजायला रिकामे थेंबच राहत नाहीत.

प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) ९०० आणि प्रोब (हवा तो तुकडा सापडला की चमकणारा) २५० नॅनोमोलर. मिश्रण २२ मायक्रोलिटरचं करा, म्हणजे २० नीट उचलता येतं. थेंब बनवायच्या कार्ट्रिजमध्ये आधी नमुना, मग ७० मायक्रोलिटर तेल. नमुन्याच्या वेलच्या तळाशी बुडबुडा राहिला तर थेंब कमी पडतात. आठही वेल भरलेच पाहिजेत. नमुने कमी असतील तर उरलेल्यांत कंट्रोल बफर. तयार थेंब प्लेटमध्ये नेताना घाई नडते: जोरात सोडले तर फुटतात आणि आलेखावर दोन पट्ट्यांच्या मध्ये पाऊस पडल्यासारखे ठिपके दिसतात. सायकलरचा रॅम्प (तापमान बदलण्याचा वेग) सेकंदाला २ अंश ठेवा. १०,००० पेक्षा कमी थेंब वाचले गेले तर ती वेल बाद.

यंत्राची खरी मर्यादा म्हणजे दोनच रंग. सी-४ए, सी-४बी, लांब जनुक आणि आखूड जनुक या चारही चाचण्या आरपीपी-३० सोबत वेगवेगळ्या वेलमध्ये लावाव्या लागतात, म्हणजे माणशी चार वेल. खर्च वाढतो, पण त्यातूनच एक फार मोलाचा पडताळा हाती येतो. ए अधिक बी आणि लांब अधिक आखूड या दोन्ही बेरजा सारख्याच यायला हव्यात, कारण प्रत्येक प्रत ए किंवा बी असते आणि तीच लांब किंवा आखूडही असते. लांब जनुकात नवव्या इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात) सुमारे ६.४ हजार बेसचा जुना विषाणू-तुकडा असतो, एवढाच फरक. बेरीज जुळली नाही तर आधी ए-बी प्रोबकडे बघा. या दोघांत मोजक्याच बेसचा फरक असल्याने बीचा प्रोब एवर थोडा चिकटतो आणि मधली फिकट पट्टी उमटते. सी-४बी अजिबात नसलेला ज्ञात डीएनए प्रत्येक प्लेटवर ठेवला की रेषा कुठे ओढायची ते कळतं.

एफसीजीआर-३बी या दुसऱ्या जनुकासाठी मात्र याच यंत्राची शिफारस डोळे झाकून करवत नाही. त्याचं जुळं एफसीजीआर-३ए जवळजवळ अक्षरशः सारखं आहे. दोघांना वेगळं ओळखणारा प्रोब आधी सिद्ध करा, मगच नमुने लावा.

आकडा आल्यावर तो रुग्णाला ‘धोका’ म्हणून सांगू नका. युरोपीय लोकांत सी-४ए नसणं बरेचदा एचएलए-डीआरबी१*०३:०१ या एचएलए प्रकारासोबतच येतं आणि २०१२ मध्ये ब्रिटन व स्पेनच्या रुग्णांत सी-४ चा स्वतंत्र परिणाम सापडला नव्हता. दवाखान्यात याचा उपयोग वेगळाच: सी-३ (सी-४ च्याच गटातलं दुसरं प्रथिन) नॉर्मल, आजार शांत, तरी रक्तातलं सी-४ कायम कमी, असा रुग्ण असेल तर प्रती मोजून बघा. मुळात २ च प्रती असतील, तर तो कमी आकडा आजार उसळल्याचा नसून जन्मजात असू शकतो.