आवाज लिंक रॉडचा, बिल अख्ख्या सस्पेन्शनचं

आमची सफारी २००९ ची, २.२ डायकॉर, फोर बाय फोर. बाबांनी हौसेने घेतलेली. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि गावी जायचं तर याच गाडीतून, असा त्यांचा हट्ट असतो. दर पंधरा दिवसांनी आम्ही भोरकडे जातो. गेल्या पावसाळ्यानंतर पुढून, डाव्या बाजूने, आवाज सुरू झाला. खड्डा आला की टक-टक. बाबाच म्हणाले, "अरे, पुढे काहीतरी सैल झालंय. एकदा दाखवून घे."

सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका गॅरेजमध्ये गाडी नेली. नाव देत नाही. मालकाने गाडी लिफ्टवर घेतली, टॉमी घालून चाक हलवलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. "साहेब, लोअर आर्म आणि बॉल जॉइंट दोन्हीकडचे गेलेत. कात्रजच्या घाटात चाक निखळलं तर काय कराल? वडील असतात ना गाडीत?"

त्या एका वाक्यावर मी हो म्हणालो. आणि ते वाक्य खोटं नाही, हेच वाईट आहे. लोअर आर्म म्हणजे चाकाला धरणारा खालचा दांडा, आणि बॉल जॉइंट म्हणजे तो दांडा चाकाशी जोडणारा सांधा. तो निसटला तर चाक खरंच आडवं पडतं. त्यामुळे ही भीती घातली की गिऱ्हाईक किंमत विचारायचंच विसरतं. आवाज नेमका कुठे येतो, कधी येतो, हे त्याने मला एकदाही विचारलं नाही. गाडी चालवूनही पाहिली नाही. तेव्हा हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दोन्ही लोअर आर्म, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बर, बुश किट (सांध्यांमधली रबरं) आणि मजुरी धरून ४१,५०० रुपये झाले. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, उगाच कशाला वाढवता?" म्हणून पॅडच्या कागदावर नुसतं 'फ्रंट सस्पेन्शन काम' असं लिहून दिलं. पैसे यूपीआयने घेतले. जुने पार्ट मागितले तर म्हणाला, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला.

गाडी घरी आणली तेव्हा पुढून दोन बोटं उंच वाटली. मला वाटलं, नवीन सामान आहे, बसेल हळूहळू. चार दिवस आवाज नव्हता. पाचव्या दिवशी टक-टक परत आली, आणि सोबत एक नवा आवाज आला. स्पीडब्रेकरवरून उतरताना खालून ठक्कन बसायचं. फोन केला तर, "जुनी गाडी आहे साहेब, आता स्टिअरिंगचं काम काढावं लागेल." अजून अठरा हजार.

मित्राने भवानी पेठेतल्या एका वयस्कर मेस्त्रींकडे पाठवलं. काकांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. शेजारी बसले, काचा खाली करायला लावल्या आणि म्हणाले, "चालव." आधी दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढवली. टक-टक नाही. मग फक्त डावं चाक खड्ड्यात घालायला लावलं. लगेच टक-टक.

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्टॅबिलायझर बार म्हणजे वळणावर गाडी फार कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा, आणि लिंक रॉड म्हणजे त्याची टोकं चाकांच्या बाजूला जोडणारे छोटे दांडे. दोन्ही चाकं सारखीच वर-खाली झाली तर बारला पीळ बसत नाही, म्हणून लिंक रॉड गप्प राहतात. एकच चाक हललं की पीळ बसतो आणि झिजलेला जॉइंट बोलतो. खात्री करायला दोन्ही लिंक रॉड सोडले आणि गाडी गल्लीतून हळू फिरवली. आवाज साफ बंद. अशा वेळी वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून तपासणी झाली की रॉड लगेच परत लावायचे. फाटलेल्या रबरात कोणीतरी ताजं ग्रीस कोंबलं होतं. आवाज नव्हता ते चार दिवस त्या ग्रीसमुळे.

नंतर गाडी वर घेतली. काकांनी बॅटरी मारून मला बॉल जॉइंटच्या नटातली कॉटर पिन, म्हणजे नट सुटू नये म्हणून घातलेली तार, दाखवली. तो नट उघडायचा तर ती पिन काढावीच लागते, आणि परत लावताना नवी घालतात. ही गंजून तपकिरी झालेली, टोकं जुन्या चिखलात रुतलेली, आणि त्या सगळ्यावर काळा रंग फासलेला. लोअर आर्म मी नखाने खरवडला तर रंगाखालून लाल माती सुटली. बुशच्या रबरावरही रंगाचे फराटे होते. नवीन आर्म म्हणून पैसे घेतले ते हेच. खरे नवे होते फक्त दोन शॉकॲब्सॉर्बर.

उंचीचं कोडंही तिथेच सुटलं. टॉर्शन बारचा (पुढच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचा) बोल्ट पिळून गाडी पुढून वर उचलली होती, म्हणजे काम झाल्यासारखं दिसावं. त्यामुळे आर्मला खाली जायला जागा उरली नाही आणि तो उतरताना रबरी स्टॉपवर आपटत होता. पुढचे टायर एका कडेने झिजायला लागले होते ते वेगळंच. माझे जुने आर्म आणि बॉल जॉइंट काकांनी हलवून बघितले, त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

नाना पेठेतून दोन लिंक रॉड आणि बारचे बुश आणले, २,३०० रुपये. मजुरी ८००. टॉर्शन बार पूर्वीच्या उंचीवर आणला आणि अलाइनमेंट करून घेतलं. दोन महिने झाले, गाडी शांत आहे.

तुमची गाडी अशा कामाला देणार असाल तर देण्याआधी जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजून ठेवा. खालून फोटो काढा, कॉटर पिनांसकट. जुन्या पार्टवर खिळ्याने खूण करा आणि तेच पार्ट हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आर्मचे बुश खरंच बदलणार असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला सांगा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. आणि पक्कं बिल घ्याच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, पण कोणता पार्ट विकला हे कागदावरच नसेल तर आपण मांडणार काय?

फोटो दाखवल्यावर गॅरेजवाल्याने "पोरांची चूक झाली" म्हणत १२,००० परत केले. उरलेल्यासाठी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद, तो पॅडचा कागद, फोटो, आणि काकांनी काढून दिलेली ती गंजकी कॉटर पिन, सगळं एका पाकिटात घालून ठेवलं आहे.