टाकी मोठी की पल्ला मोठा? मराठवाड्यातल्या घरासाठी चार गाड्यांचा हिशेब

शोरूममध्ये गेलं की दोन प्रश्न हमखास विचारले जातात: टाकी किती लिटरची, आणि ॲव्हरेज किती देते? सेल्समन दोन आकडे सांगतो, आपण मनातल्या मनात गुणाकार करतो, आणि डिझायर घ्यायला आलेला माणूस '३७ लिटर गुणिले २४.७९, म्हणजे एका टाकीत नऊशे किलोमीटरच्या वर' असं समजून घरी जातो. पुढे लातूरहून पुण्याला जाऊन यायची वेळ येते, आणि परतीच्या वाटेत बार्शीजवळच रिझर्व्हचा दिवा लागतो. गाडीत काही बिघाड नसतो. गुणाकाराला घेतलेले दोन्ही आकडेच आपल्या रस्त्यावर लागू नसतात.

पहिला आकडा टाकीचा. ३७ लिटरच्या टाकीतले ३७ लिटर आपण कधीच वापरत नाही. साधारण पाच-सहा लिटर उरले की दिवा लागतो, आणि तिथून पुढे ताणणं बरं नव्हे. पेट्रोल गाडीचा पंप टाकीच्या आतच असतो आणि भोवतालच्या इंधनानेच तो थंड राहतो. मे महिन्यात रस्ता तापलेला असताना टाकी रोज तळाला न्यायची सवय त्या पंपाला महागात पडते. म्हणून ३७ च्या टाकीतले ३२ धरा, ४५ मधले ३९, ५० मधले ४४.

दुसरा आकडा ॲव्हरेजचा. कंपनी जो आकडा छापते तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. गाडी रोलरवर ठरलेल्या वेगात चालवतात, सर्वांत जास्त वेग ताशी ९० पर्यंत, आणि एसी बंद. आपल्याकडे गाडीत पाच माणसं, डिकीत बॅगा आणि धान्याचं पोतं, बाहेर ४२ अंश. एसीशिवाय दहा किलोमीटरही जाववत नाही. शिवाय आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. लातूर, धाराशिव, बीडच्या उसापासून बनलेलं इथेनॉलही त्यात जातं. आपल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण हिशेबही खरा सांगायला हवा: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच, जुन्या गाड्यांत जास्त. एकंदरीत कंपनीच्या आकड्याच्या ७०-७५ टक्क्यांच्या आसपास धरलं तर फसगत होत नाही.

खाली चार गाड्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. ॲव्हरेजचे आकडे लिटरमागे (सीएनजीत किलोमागे) किलोमीटरचे आहेत. 'रस्त्यावर' हा रकाना माझा अंदाज आहे: घर भरून बसलेलं, एसी चालू, हायवे आणि गाव मिळून. 'भरवशाचा पल्ला' म्हणजे खरोखर वापरता येणाऱ्या इंधनात त्या अंदाजाने गाडी जाईल ते अंतर. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली गाडी.

| गाडी | टाकी | कंपनीचा आकडा | रस्त्यावर | भरवशाचा पल्ला |
|---|---|---|---|---|
| डिझायर पेट्रोल, मॅन्युअल | ३७ लिटर | २४.७९ | १८ | सुमारे ५७५ किमी |
| अर्टिगा सीएनजी, फक्त गॅसवर | ६० लिटरचं सिलिंडर | किलोला २६.११ | किलोला २० | सुमारे १७० किमी |
| क्रेटा डिझेल, मॅन्युअल | ५० लिटर | २१.८ | १७ | सुमारे ७५० किमी |
| ग्रँड विटारा हायब्रिड | ४५ लिटर | २७.९७ | १९ | सुमारे ७४० किमी |

हा तक्ता बघून 'मग क्रेटा डिझेलच घ्यावी' असं वाटेल. थोडं थांबा. पल्ल्याच्या आकड्याला तेव्हाच अर्थ असतो जेव्हा इंधन कुठे संपणार आणि पुन्हा कुठे भरता येणार हे आपल्याला माहीत असतं. पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत आता मराठवाड्यात तो प्रश्न जवळपास उरलेला नाही. धुळे-सोलापूर महामार्गावर छत्रपती संभाजीनगर, बीड, येडशी, तुळजापूर या पट्ट्यात पंपांची कमी नाही, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावाला पंप आहे. म्हणून डिझायर आणि क्रेटा यांच्यातला पावणेदोनशे किलोमीटरचा फरक म्हणजे व्यवहारात पंपावरची दहा मिनिटं. तेवढ्यासाठी काही लाख रुपये जास्त मोजायचं कारण नाही. क्रेटा घ्यायची असेल तर जागेसाठी घ्या, उंच बसण्यासाठी घ्या, डिझेलच्या ओढीसाठी घ्या. टाकीसाठी घेऊ नका.

मोठ्या टाकीचा एक छोटा फायदा मात्र परभणीकरांना कळेल. तिथे पेट्रोलचा दर राज्यातल्या वरच्या दरांत असतो, कारण इंधन मनमाडकडून लांब रस्त्याने टँकरने येतं. पुण्याहून निघताना टाकी फुल केली तर अनेकदा लिटरमागे दोन-तीन रुपये वाचतात. ४५ लिटरच्या टाकीत ती शंभराच्या घरातली बचत. चांगली आहे, पण गाडी निवडायचं कारण नाही.

सगळ्यांत जास्त गोंधळ सीएनजीत होतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

माहितीपत्रकात '६० लिटर' लिहिलेलं असतं. अनेक जण त्याला पेट्रोलसारखे ६० लिटर समजतात आणि २६ ने गुणतात. उत्तर दीड हजाराच्या वर येतं. पण ते ६० लिटर म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर किती मावेल ते माप. गॅस किलोवर विकला जातो. २०० बारच्या पूर्ण दाबाने भरला तर त्यात दहा किलोच्या आसपास बसायला हवा, प्रत्यक्षात पंपावर आठ-साडेआठ किलोवर काटा थांबतो. याची दोन कारणं आहेत. भरताना गॅस तापतो, आणि बाहेर आधीच उकाडा असेल तर त्याच दाबात कमी गॅस मावतो. दुसरं कारण आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाचं आहे. जिथे पाइपलाइन पोचलेली नाही तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांच्या संचातून येतो. तो संच रिकामा होत जातो तसा दाब उतरतो. सकाळी ट्रक आल्यावर भरलेली गाडी आणि संध्याकाळी रांगेत शेवटी लागलेली गाडी यांत किलो-दोन किलोचा फरक सहज पडतो.

आता तो १७० किलोमीटरचा पल्ला रस्त्यावर मांडून बघा. लातूरहून गॅस भरून निघालात तर मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डूवाडी करत टेंभुर्णीच्या आसपास सिलिंडर संपतं. तिथून पुण्यापर्यंत अजून निम्मा रस्ता बाकी. पंप मिळाला, रांग नसली आणि दाब चांगला असला तर ठीक. नाहीतर गाडी पेट्रोलवर जाते. अर्टिगा सीएनजीला पेट्रोलची ४५ लिटरची पूर्ण टाकी असते, त्यामुळे वाटेत अडकायची भीती नाही. गॅस आणि पेट्रोल धरून एकूण पल्ला सातशेच्या पुढे जातो, म्हणजे या तक्त्यातल्या डिझेलच्या तोडीचा. पण ज्या बचतीसाठी गाडी घेतली ती बचत त्या पेट्रोलच्या किलोमीटरांत होत नाही, हे ध्यानात ठेवा.

म्हणून सीएनजीचा निर्णय पल्ल्यावर घेऊ नका, पंपाच्या अंतरावर घ्या. रोजचं जाणं-येणं पन्नास-साठ किलोमीटर असेल आणि सीएनजी पंप त्याच वाटेवर असेल, तर सीएनजीला तोड नाही. लातूर शहरात राहून औशाला किंवा मुरूडला नोकरीला जाणारा, संभाजीनगरहून वाळूजला जाणारा, यांनी डोळे झाकून घ्यावी. पण जवळचा पंप वीस-पंचवीस किलोमीटर आडवाटेला असेल तर १७० च्या पल्ल्यातले चाळीस-पन्नास किलोमीटर फक्त गॅस आणायला जातात. अशा गावी राहणाऱ्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक: अर्टिगात सिलिंडर डिकीत असतं. सातही माणसं बसली तर बॅगा कुठे, हा प्रश्न लग्नसराईत दर वेळी येईल. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणीही करून घ्यावी लागते.

डिझेलचं थोडक्यात. लांबचं जाणं खरोखर वारंवार असेल, नांदेड-हैदराबाद किंवा संभाजीनगर-मुंबई दर आठवड्याला, तर डिझेल अजूनही सुखाचं आहे. लिटरमागे ऊर्जा जास्त, भरल्या गाडीतही ओढ कमी होत नाही. पण गाडी आठवडाभर घर ते शाळा ते बाजार एवढीच फिरत असेल तर बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर चोंदतो. तो स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. मारुतीने २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, त्यामुळे डिझेलमध्ये निवडही आता कमी आहे.

हायब्रिडबद्दल एक गैरसमज आहे की ती लांबच्या प्रवासाला सर्वांत चांगली. खरं तर ती शहरातल्या थांबा-निघा रहदारीत सर्वांत जास्त वाचवते, कारण ब्रेक दाबताना बॅटरी चार्ज होते आणि गाडी पुष्कळदा इंजिन बंद ठेवून सरकते. मोकळ्या हायवेला तो फायदा आटतो. पुण्यात राहून गावाकडे येणाऱ्या मुलाने घ्यावी, गावात राहून पुण्याला जाणाऱ्या वडिलांना तेवढी उपयोगाची नाही.

वेगाचं मात्र चारही गाड्यांना सारखंच लागू आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून ते जास्त जाणवतं. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, कारसाठी वेगमर्यादा १२०. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० ऐवजी १२० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. डिझायरचं ॲव्हरेज १८ वरून १४-१५ वर यायला वेळ लागत नाही, म्हणजे पावणेसहाशेचा पल्ला साडेचारशेवर. आणि हा रस्ता बंदिस्त आहे, वाटेल तिथे खाली उतरून गावातला पंप गाठता येत नाही. समृद्धीवर चढण्याआधी टाकी भरा. टपावर कॅरिअर लावून सामान बांधलं असेल तर वेग कमी ठेवण्याशिवाय इलाजच नाही.

डॅशबोर्डवर 'अजून इतके किलोमीटर जाल' असा आकडा दिसतो, त्यावर किती विसंबायचं? गाडी तो आकडा गेल्या काही किलोमीटरच्या ॲव्हरेजवरून काढते. हायवे संपवून तुळजापूरच्या नवरात्रातल्या गर्दीत शिरलात की तो भराभर उतरतो, कारण गाडी उभी असून एसी चालू असतो. तो आकडा शंभराच्या खाली आला की पंप शोधायला लागावं. घाटात, चढावर काट्याचा भरवसा आणखी कमी, कारण टाकीतलं इंधन एका बाजूला सरकलेलं असतं.

टाकीबद्दल पंपावर एक वाद नेहमी होतो. माझी टाकी ३७ लिटरची, मग ३९ लिटर कसं बसलं? पंपवाल्याने लबाडी केली असंच प्रत्येक वेळी नसतं. कंपनी सांगते ती नाममात्र क्षमता. वर वाफेसाठी सोडलेली जागा आणि भरण्याच्या नळीतही इंधन मावतं. नोझल आपोआप बंद झाल्यावर पुढे ठासून भरायला सांगू नका. पेट्रोल गाडीत ते जास्तीचं इंधन वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापर्यंत पोचून तो खराब करतं. आणि शंका खरीच असेल तर भांडण्याऐवजी पाच लिटरचं माप मागा. वैध मापन खात्याने तपासलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं.

बुकिंग करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून कागदावर दोन गोष्टी लिहा: महिन्यात सर्वांत जास्त वेळा कुठे जाणं होतं, आणि वर्षात सर्वांत लांब कुठे. गाडी पहिल्या ओळीवरून निवडा. दुसऱ्या ओळीसाठी वाटेत एकदा पंपावर थांबायला लागलं तरी चालतं, चहाला थांबतोच की आपण. त्या कागदावर रोजचे दहा-पंधरा किलोमीटर आणि वर्षातून दोनदा पुणे एवढंच निघालं, तर डिझायरसारखी साधी पेट्रोल गाडी पुरेशी आहे.

गाडी घरी आली की पहिल्याच दिवशी नोझल बंद होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच फुल करा आणि झालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत आकडा थोडा कमी येईल. तीन-चार टाक्यांनंतर जो येईल तो तुमच्या रस्त्याचा, तुमच्या पायाचा आकडा. वरच्या तक्त्यातला माझा अंदाज खोडून तिथे तो लिहा.