‘ट्रेटिनॉईन आहेच ना त्यात, ताई?’

ट्रेटिनॉईन म्हणून मला जे क्रीम विकलं गेलं, त्याने सुरुवातीला माझा चेहरा अगदी छान केला. हे मुद्दाम आधी सांगतेय. बनावट औषध म्हटलं की लावल्या लावल्या आग होईल, पुरळ उठेल, असंच आपण धरून चालतो. इथे नेमकं उलट झालं आणि विकणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो.

पिंपल्ससाठी माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ०.०२५ टक्के ट्रेटिनॉईन लिहून दिलं होतं. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. नुसत्या पिंपलवर ठिपका देऊन ठेवायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. कारण हे औषध आलेल्या पिंपलपेक्षा न आलेल्या पिंपलचं आहे. रोमछिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून आत जो डोळ्यांना न दिसणारा खडा धरतो, तो हे औषध धरू देत नाही. म्हणून फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. तोवर नाकाच्या कडेने पापुद्रे सुटतात, साधं पाणी लागलं तरी चुरचुरतं आणि आत दबा धरून बसलेले पिंपल्स एकदम वर येतात. माझं हे सगळं रीतसर झालं. आरशात बघवत नव्हतं, पण बाईंनी आधीच सांगून ठेवल्यामुळे घाबरायला झालं नाही.

ती ट्यूब संपली आणि त्या कंपनीची दुसरी कुठे मिळेना. तेव्हा सोशल मीडियावरचं एक स्किनकेअरचं पेज समोर आलं. नाव इथे लिहीत नाही. तक्रार चालू आहे, शिवाय हे लोक नाव कपड्यासारखं बदलतात.

आता यांची हुशारी बघा. मी औषधाचं नाव सांगताच त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागितला. ‘आमचे फार्मासिस्ट तपासतील, मगच पाठवू.’ मग कसली ॲलर्जी आहे का, विचारलं. मग, ‘ताई, राग मानू नका, पण गरोदर नाही ना?’ रेटिनॉईड, म्हणजे ट्रेटिनॉईन ज्या गटातलं आहे ती औषधं, गरोदरपणात वापरत नाहीत, हे मला बाईंनी सांगितलेलं होतंच. हा प्रश्न विचारणारा माणूस चोर असेल अशी शंका कोणाला येणार? काळजीवाहू दुकानदाराचं सोंग त्यांनी नीट अभ्यास करून उभं केलेलं होतं. बोलता बोलता हेही ऐकवलं, की अमेरिकेत रेटिनॉईड आता चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. यातलं खरं एवढंच, की २०१६ मध्ये तिथे ॲडापालीन ०.१ टक्के हे एक रेटिनॉईड, त्या एका ताकदीत, चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. ट्रेटिनॉईनला तिथेही चिठ्ठी लागते.

पार्सल आलं. खोक्यावर त्यांच्या पेजचं गुळगुळीत स्टिकर, त्यावर ‘ॲक्ने नाईट क्रीम, ट्रेटिनॉईन ०.०२५%’. चिठ्ठीतला आकडा अन् स्टिकरवरचा आकडा एकच.

लावायला सुरुवात केली आणि जादू झाल्यासारखं वाटलं. लाली गेली. पापुद्रे थांबले. जुने काळपट डागही फिके व्हायला लागले. घरी, ऑफिसात, जो तो विचारायला लागला, काय लावतेस म्हणून. पेजवाल्यांना कळवलं तर ते माझ्यापेक्षा खूश! आधीचा आणि आताचा फोटो मागून घेतला, ‘फक्त आमच्या रेकॉर्डसाठी’. पुढे तोच फोटो त्यांच्या जाहिरातीत फिरताना मैत्रिणीला दिसला. डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, पण जबड्याखालचा तीळ कुठे झाकणार? तिने तिळावरून ओळखलं.

दुसरी ट्यूब यायला उशीर झाला, मध्ये काही दिवस क्रीम लागलं नाही, आणि चेहरा पेटला. आधी नुसती ऊब, मग लालबुंद गाल, मग तोंडाच्या भोवती आणि गालांवर बारीक पुरळ, सगळे दाणे एकाच मापाचे. ओठांच्या कडेची अरुंद पट्टी तेवढी मोकळी. माझे नेहमीचे पिंपल्स असे कधीच नव्हते: त्यात एखादा मोठा, एखादा पिकलेला, काही नुसतेच काळे ठिपके असायचे. फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं. ‘ताई, हे पर्जिंग आहे. आतली घाण बाहेर पडतेय. क्रीम बंद केलंत म्हणून झालं, आता दिवसातून दोनदा लावा.’

इथे जरा थांबते, कारण याच शब्दाच्या आडून कित्येक जणींना महिनोन्‌महिने क्रीम लावायला लावलं जातं. पर्जिंग म्हणतात ते रेटिनॉईड सुरू केल्यावर होतं, पहिल्या काही आठवड्यांत. जिथे एरवी पिंपल्स येतात साधारण तिथेच होतं आणि औषध चालू असतानाच ओसरतं. क्रीम बंद केल्यावर चेहरा पेटणं आणि पुन्हा लावताच शांत होणं, याला पर्जिंग म्हणत नाहीत. पेजवाल्यांच्या सांगण्यावरून एक रात्र लावलं तर सकाळी आग खरंच कमी होती. त्या सकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

बाईंनी भिंगाच्या दिव्यातून गाल पाहिले. जास्त वेळ लागला नाही. ‘रक्तवाहिन्या बघ कशा दिसताहेत बारीक बारीक. ट्रेटिनॉईनने हे होत नाही. खोका आहे का घरी? टाकला नाहीस ना?’

टाकला नव्हता. घरी येऊन हेअर ड्रायरने स्टिकर गरम केलं आणि कोपऱ्यातून नखाने उचललं. खाली कंपनीचा छापील मजकूर जसाच्या तसा होता: हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉईन ०.०२५ टक्के, मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्के. त्याखाली, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरा. बॅच नंबर आणि तारीख जिथे असते तिथला कागद ब्लेडने खरवडून पांढरा केलेला. ट्यूबच्या शेपटीला दाबून उठवलेले आकडेही घासून सपाट केलेले.

मोमेटासोन म्हणजे स्टिरॉईड. ते त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि दाह दाबून टाकतं. लाली जाते, ट्रेटिनॉईनची चुरचुरही झाकली जाते. हायड्रोक्विनोन डाग फिके करतं. तिन्ही मिळून चेहरा झटपट गुळगुळीत आणि उजळ दिसतो. पण स्टिरॉईड चेहऱ्यावर रोज लागत राहिलं की त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या कायमच्या दिसायला लागतात, काहींना चेहऱ्यावर लव वाढते, आणि पिंपल्स घालवायला म्हणून लावलेल्या क्रीमनेच पिंपल्ससारखे दाणे येतात. त्वचेला सवय लागलेली असते. सोडलं की ती सूड उगवते.

हे मिश्रण मुळात वाईट आहे असं मात्र नाही, आणि ते बाईंनीच समजावलं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६९ मध्ये पिंपल्सवर ट्रेटिनॉईन लावण्याचं काम प्रसिद्ध केलं. १९७५ मध्ये त्यांनीच एका सहकाऱ्याबरोबर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉईन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉईड एकत्र करून काळ्या डागांसाठी सूत्र मांडलं. (याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग केले होते. त्याबद्दल बोलायला लागले तर हा लेख संपायचा नाही.) अशी तिहेरी क्रीम वांगावर, मोजके आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. पिंपल्सवर रोज थापायला ती नसतात.

पेजवाल्यांना उघड्या लेबलचा फोटो पाठवला. उत्तर आलं, ‘ट्रेटिनॉईन आहेच ना त्यात, ताई? आम्ही खोटं काय बोललो?’ या एका वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. कारण अक्षरशः पाहिलं तर ते खरं आहे. तीनपैकी एक नाव स्टिकरवर ठेवायचं, उरलेली दोन त्याच स्टिकरखाली गाडायची. थोड्या वेळाने मी ब्लॉक झाले.

बाईंनी रेटिनॉईडसकट सगळं बंद केलं. साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, पोटात घ्यायच्या गोळ्या आणि स्टिरॉईड नसलेलं एक मलम. ते मलम कोणतं, हे मुद्दाम सांगत नाही, कारण ते वाचून कोणीतरी तेच मागवेल. स्टिरॉईड एकदम सोडायचं की हळूहळू, हेसुद्धा किती कडक होतं आणि किती दिवस लागलं यावर ठरतं. सावरायला महिने लागतात, आणि आता चेहरा ताळ्यावर आल्यावर आम्ही ॲडापालीनपासून पुन्हा सुरुवात केली आहे, एक दिवसाआड. पापुद्रे सुटताहेत. यावेळी ते पाहून बरं वाटतं.

ट्रेटिनॉईन उजेडात खराब होतं, म्हणून ते बहुतेक वेळा बंद ॲल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये येतं. पारदर्शक डबीत भरून, वर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कोणी देत असेल तर आत काय आहे आणि त्यात जीव किती उरलाय, हे देवच जाणे. कंपनीच्या खोक्यावर दुसऱ्या कोणाचं स्टिकर असेल तर ते काढून बघा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन, यातलं काहीही दिसलं तर ते स्टिरॉईड आहे. पिंपल्सवर रोज लावायला कोणी पाठवत असेल तर लावू नका. आधीच लावत असाल तर मनाने सोडूही नका, ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि रेटिनॉईड म्हणून सुरू केलेल्या क्रीमने आठवड्याभरात, जराही कोरडेपणा न येता, चेहरा साफ झाला तर खूश व्हायच्या आधी लेबल वाचा.

तक्रार मी सोशल मीडियाच्या कंपनीकडे आणि औषध नियंत्रण विभागाकडे, दोन्हीकडे केली. पेज बंद झालं. तेच फोटो, माझ्या तिळासकट, दुसऱ्या नावाच्या पेजवर आले. विभागाने पहिला प्रश्न विचारला तो बॅच नंबरचा, कारण माल मुळात कुठून निघाला हे त्यावरूनच शोधता येतं. माझ्याकडे खरवडलेला खोका, अर्धी ट्यूब, पैसे दिल्याची पावती आणि ब्लॉक व्हायच्या आधी काढलेले चॅटचे स्क्रीनशॉट आहेत. स्टिकर लावलेलं असं क्रीम तुमच्याकडे असेल आणि त्याच्या खोक्यावर किंवा ट्यूबच्या शेपटीवर आकडे शाबूत असतील, तर ते फेकू नका. तुमच्या भागातल्या औषध नियंत्रण विभागाकडे स्वतःच्या नावाने तक्रार द्या आणि तो नंबर त्यात लिहा.