शुद्ध ॲस्पार्टेम पावडर: गोडी उत्तम, पण चमच्याने मोजायची वस्तू नव्हे

हा आढावा सुट्या, शुद्ध ॲस्पार्टेम (साखरेऐवजी वापरायचा कृत्रिम गोड पदार्थ) पावडरचा आहे. चहात टाकायच्या गोळीचा किंवा फाडून ओतायच्या पाकिटाचा नाही. त्या पाकिटात एक ग्रॅम भुकटी दिसली, तरी ॲस्पार्टेम त्यात तीस-चाळीस मिलिग्रॅमच असतं, बाकी सगळी भर. सुट्या पावडरीत भर अजिबात नसते. बहुतेक घोळ पाकिटाच्या सवयीने शुद्ध पावडर वापरल्यामुळेच होतात.

गोडीबद्दल तक्रार नाही. साखरेच्या सर्वांत जवळची, सॅकरीनसारखी कडवट-धातूसारखी चव मागे न ठेवणारी. साखरेच्या साधारण २०० पट गोड, म्हणजे १०० ग्रॅमच्या पिशवीत २० किलो साखरेची गोडी. मात्र हे गुणोत्तर फिकट गोडीला लागू पडतं. पेय जितकं गोड करावं तितकं ते घसरतं, त्यामुळे लिटरला १०० ग्रॅम साखरेच्या जागी नुसता भागाकार करून ५०० मिलिग्रॅम टाकलं तर गोडी थोडी कमी वाटू शकते. ५०० वर चव बघून थोडंथोडं वाढवायचं.

आता काट्याचा प्रश्न. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण त्याची एका ग्रॅमची चूक म्हणजे २०० ग्रॅम साखरेची चूक. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि त्यावरसुद्धा अर्धा ग्रॅम थेट मोजण्यापेक्षा आधी दहा टक्क्यांचं मिश्रण करून ठेवणं शहाणपणाचं. १० ग्रॅम पावडर आणि १० ग्रॅम कोरडं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भुकटी) किंवा एरिथ्रिटॉल (साखरेला पर्यायी, कमी गोड भुकटी) एकत्र चाळायचं. मग त्यात २० ग्रॅम भर, चाळणी. मग ४०, पुन्हा चाळणी. शेवटी उरलेले २०. झाले १०० ग्रॅम, आणि त्यातल्या दर ग्रॅमात १०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम. ९० ग्रॅम भर एकदम ओतून ढवळली तर पावडरीच्या गुठळ्या तशाच राहतात. एक घास फिका, दुसरा तोंड वाकडं करणारा. भर म्हणून ग्लुकोज किंवा दुधाची साखर घेऊ नये. ॲस्पार्टेममधला अमिनो गट त्यांच्याशी हळूहळू अभिक्रिया करतो, गोडी उतरते आणि रंग पिवळसर होतो. व्हॅनिला आणि दालचिनीच्या इसेन्समधली अल्डिहाइडंही हेच करतात, म्हणून इसेन्स आणि पावडर एकाच बरणीत साठवू नयेत.

पाण्यात ती नाखुशीनेच विरघळते. २५ अंशांच्या साध्या पाण्यात लिटरला जेमतेम १० ग्रॅम, आणि पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ५.२ च्या आसपास सर्वांत कमी. त्यामुळे आंबट पेय करायचं असेल तर आधी सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवावं, नंतर ढवळत्या पाण्यात पावडर भुरभुरावी. उलट क्रमाने केलं की पांढरे गोळे तरंगत राहतात आणि माणूस वैतागून पाणी उकळायला ठेवतो. तिथेच माल वाया जातो.

कारण उष्णता ही या पावडरीची खरी कमजोरी. ॲस्पार्टेम म्हणजे ॲस्पार्टिक आम्ल आणि फिनाइलअॅलॅनिन या दोन अमिनो आम्लांच्या जोडीचं मिथाइल एस्टर. गरम पाण्यात हे एस्टर तुटतं, किंवा रेणू स्वतःभोवती वळून डायकिटोपिपरॅझिन बनतं, आणि त्याला गोडी नसते. पीएच ४.३ च्या आसपास द्राव सर्वांत टिकाऊ. थंड जागी महिनोन्‌महिने चालतो. पीएच ७ ला साध्या तापमानातही काही दिवसांतच गोडी ढासळते, म्हणून दुधाची पेयं किंवा खाण्याचा सोडा घातलेलं पीठ यांसाठी ही पावडर नाहीच. भट्टीत घालायचं असेल तर ॲसेसल्फेम पोटॅशियम हा उष्णता सोसणारा दुसरा कृत्रिम गोड पदार्थ घ्या. पेयात या दोघांची जोडी छान जमते. एकत्र घातले तर दोन्हींचं प्रमाण कमी करता येतं. शिजवलेल्या पदार्थात ॲस्पार्टेम घालायचंच असेल तर आच बंद करून, पदार्थ कोमट झाल्यावर.

हाताळणीबद्दल. ‘केमिकल आहे, विषारी असेल’ आणि ‘खायचं आहे, त्यात काय काळजी’ ही दोन्ही टोकं चुकीची. त्वचेला ती जाळत नाही, पण बारीक धूळ डोळ्यांत आणि श्वासनलिकेत टोचते. ड्रम उघडताना एन९५ मास्क, बंद गॉगल आणि नायट्राइल हातमोजे पुरेत. पंखा बंद ठेवायचा, पिशवी उंचावरून ओतायची नाही, डबा काट्यावर ठेवून पावडर हळू सोडायची. घशात गोड लागलं तर समजायचं, मास्क नीट बसलेला नाही. डोळ्यांत गेली तर चोळू नये. वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवावं, तरी चुरचुर राहिली तर डॉक्टरांना दाखवावं.

मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्यांना एक धोका सहसा माहीत नसतो: हवेत उडालेली ही धूळ पिठी किंवा साखरेच्या धुळीसारखीच पेट घेऊ शकते. एखाद्या चमच्याने काही होत नाही, पण २५ किलोचा ड्रम मिक्सरमध्ये उपसताना मिक्सर आणि ड्रम दोन्हींना अर्थिंग हवं, जवळ ज्योत किंवा वेल्डिंग नको. सांडलेली पावडर कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं हा सर्वांत वाईट उपाय. ओल्या फडक्याने टिपा, किंवा अशा धुळीसाठी बनवलेल्या व्हॅक्यूमने ओढा, मग पाण्याने पुसा. आग लागलीच तर धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडं असतात. पाण्याचा फवारा चालतो, जोराचा झोत नको, तो धूळ आणखी उडवतो. आणि मिक्सर नीट धुतला नाही तर पुढची खारी बॅच गोड होऊन बाहेर पडते. हे आजारपण नव्हे, पण ज्याने खाऊ नये त्याच्या पोटात ॲस्पार्टेम जाऊ शकतं.

तो ‘ज्याने खाऊ नये’ कोण, ते स्पष्ट आहे. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांच्या शरीरात फिनाइलअॅलॅनिन साचतं आणि मेंदूला इजा करतं. ॲस्पार्टेमच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग तेच देतो. ५०० मिलिग्रॅममधून सुमारे २८० मिलिग्रॅम. त्यामुळे ‘फिनाइलअॅलॅनिन आहे’ ही सूचना लेबलवर नसणं ही आमच्या लेखी या वस्तूतली सर्वांत गंभीर त्रुटी, आणि सुट्या मालातून भरलेल्या छोट्या पिशव्यांवर नेमकी तीच राहून जाऊ शकते.

मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची भीती मात्र अवाजवी. पचनात वजनाच्या साधारण दहा टक्के मिथेनॉल सुटतं, म्हणजे वरच्या लिटरभर पेयातून पन्नासेक मिलिग्रॅम. फळांच्या रसांतही ते नैसर्गिकरीत्या असतंच. कर्करोगाचं म्हणाल तर जुलै २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२बी’, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि त्याच वेळी खाद्य मिश्रकांवरच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या किलोमागे रोज ४० मिलिग्रॅम ही मर्यादा कायम ठेवली. पहिली यादी पुरावा किती भक्कम हे सांगते, मात्रा किती ते नाही. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा २.४ ग्रॅम, १५ किलोच्या मुलाला ०.६ ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्यात बारीक पावडर दोन ग्रॅमच्या आसपास मावते. मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठी आहे, एकदा ओलांडली म्हणून विषबाधा होत नाही. पण मुलांच्या हाती लागेल अशा ठिकाणी, साखरेच्या डब्यासारख्या डब्यात ही पावडर ठेवायची नाही.

घेताना दोन जाती दिसतील. हाताने मिसळणाऱ्याने दाणेदार घ्यावी: धूळ कमी, गोळे कमी. अगदी बारीक जात गोळ्या आणि कोरड्या मिश्रणांसाठी ठीक. विश्लेषण प्रमाणपत्र मागायचंच. त्यात शुद्धता कोरड्या वजनावर ९८ ते १०२ टक्के, वाळवल्यावरची घट ४.५ टक्क्यांच्या आत, डायकिटोपिपरॅझिन १.५ टक्क्यांच्या आत आणि शिसं किलोमागे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, एवढं बघायचं. यातला डायकिटोपिपरॅझिनचा आकडाच माल कसा ठेवला गेला ते उघड करतो. १२५ भाग पाण्यात एक भाग पावडर विरघळवून पीएच पाहिला तर तो ४.५ ते ६ मध्ये यायला हवा. बॅच क्रमांक आणि मुदत नसलेली पिशवी स्वस्त असली तरी परत करावी. सोबत चिमुकला चमचा टाकलेला असेल तर तो बाजूला ठेवावा, कारण पावडर दाबून भरली की सैल भरली यावर त्यातलं वजन बदलतं.

साठवण सोपी आहे: घट्ट झाकण, आत शोषक पुडी, २५ अंशांखालची कोरडी जागा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नये, थंड पावडरीवर हवेतली वाफ बसते आणि ढेकळं होतात. ढेकळं झालेला माल विषारी नसतो, पण त्याच्या गोडीचा हिशोब धरता येत नाही. थोडासा असेल तर कचऱ्यात, ड्रमभर असेल तर नाल्यात न ओतता औद्योगिक कचरा नेणाऱ्यांकडे.